करणारा एक, भोगणारा दुसरा

वेल्ह्यातल्या पालीहून राजगडावर चढणारी वाट ही गडाची राजवाट. रुंद पायऱ्यांची, थेट पाली दरवाज्यात नेणारी. पावसाळ्यात इथे गर्दी लोटते आणि तिच्यासोबत वेफर्सची पाकिटे. बाहेरून रंगीत, आतून चंदेरी. प्लॅस्टिकच्या पदरांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. हे पदर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला असल्या पाकिटाला हात लावत नाही. मग ते ओढ्याला तरी लागते, नाहीतर जाळले जाते.

भारतीय दर्शनांनी कर्माचा विचार करताना दोन दोष कटाक्षाने टाळले. एक कृतनाश: केलेल्या कर्माचे फळ न भोगताच ते पुसले जाणे. दुसरा अकृताभ्यागम: जे केलेच नाही त्याचे फळ पदरी पडणे. प्लॅस्टिकच्या बाबतीत हे दोन्ही दोष एकदमच घडतात. टाकणारा संध्याकाळी शहरात परततो, धूर पायथ्याच्या घरांत शिरतो.

अशा वेळी पाण्याच्या प्लाझ्माने प्लॅस्टिकचे मिथेनॉल करण्याची बातमी आशेने वाचली जाते, आणि ते रास्तच आहे. वाफेतून विजेचा आर्क काढला की तापमान हजारो अंशांवर जाते, पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यांचे तुकडे प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतात. तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर, दाबाखाली त्यांचे मिथेनॉल होते. पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकमधला कार्बनचा एक अणू, त्याचे दोन हायड्रोजन आणि पाण्याचा एक रेणू, एवढ्यात मिथेनॉलचा बरोबर एक रेणू बसतो. कागदावर 14 किलो प्लॅस्टिकपासून 32 किलो मिथेनॉल. फार देखणा हिशेब आहे हा.

कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करण्याचे गणित मात्र महाग पडते. 44 किलो वायूला 6 किलो हायड्रोजन लागतो, आणि तो पाण्यातून काढायचा तर भरपूर वीज हवी. ती कोळशाची असेल, तर जितका वायू बांधला त्याहून जास्त चिमणीतून सुटण्याची भीती. शिवाय 32 किलो मिथेनॉल जाळले की 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. प्लॅस्टिकमधला खनिज तेलाचा कार्बन शेवटी आभाळातच पोहोचतो. आणि मिथेनॉल स्वतः विषारी: 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला ते मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे गेली.

म्हणून प्लाझ्माची भट्टी नको, असे नाही. पुणे जिल्ह्याला हे तंत्र परकेही नाही. रांजणगावला घातक कचऱ्यासाठी प्लाझ्मा भट्टीचा प्रकल्प उभा राहिला होता. प्रश्न आहे तो भट्टीला प्रायश्चित्त मानण्याचा. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताची सविस्तर चर्चा केली आहे. स्मृतिकारांनी त्याला दोन गोष्टी जोडल्या: पश्चात्ताप आणि ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय. या दोन्ही गोष्टी करणाऱ्यानेच करायच्या असतात; यंत्राकडे त्या सोपवता येत नाहीत.

केंद्राच्या 2016 च्या नियमांनी असली वेष्टने बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ती गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. उद्या प्लाझ्माची भट्टी जवळ कुठे उभी राहिलीच, तर पालीत भरलेली पोती तिथवर नेणाऱ्या टेम्पोचे भाडे पाकीट बनवणाऱ्याने आणि ते गडावर नेणाऱ्याने द्यावे, पायथ्याच्या ग्रामपंचायतीने नव्हे.