कानाशी आलेला पांढरा केस

रायपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे चंदखुरी हे कौसल्येचे माहेर, अशी छत्तीसगडची श्रद्धा आहे. तिथे तळ्याच्या मधोमध कौसल्येचे देऊळ आहे आणि मूर्तीच्या मांडीवर बाळ राम. या नात्याने राम साऱ्या मुलखाचा भाचा ठरतो, म्हणूनच इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. मग दशरथ ओघानेच इथला जावई. या जावयाच्या डोक्यावरच्या एका पांढऱ्या केसाने पुढचे सगळे रामायण घडवले, असे कालिदास सुचवतो. ‘रघुवंशा’च्या बाराव्या सर्गात जरा पिकल्या केसाचे रूप घेऊन दशरथाच्या कानाशी येते आणि जणू कैकेयीला ऐकू जाऊ नये अशा बेताने कुजबुजते, की आता राज्य रामाला दे. वाल्मीकीचा दशरथ तर भरसभेत सांगतो, की पांढऱ्या छत्राच्या सावलीत माझे शरीर जीर्ण झाले. ‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असे आपण अनुभवाची ऐट मिरवताना म्हणतो. दशरथाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते, त्याचे केस सावलीतच पिकले. आता प्रश्न असा, की त्या सकाळी दशरथाने मेंदी लावली असती तर? निरोप आलाच नसता, की आलेला निरोप त्याने चुलीत घातला असता? केस काळे करणे हा काळाशी केलेला खोटेपणा आहे का, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. माका, आवळा, जास्वंद आणि मेंदी यांचे वाटण ज्या स्वयंपाकघरात होते, त्याच घरातल्या देवघरात देह नश्वर असल्याचे रोज वाचले जाते. या दोन खोल्यांमध्ये भांडण आहे की नाही, ते पाहायला हवे.

भांडण आहे असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाला सांगितले आहे, की अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरात नातवंड दिसले की वनाची वाट धरावी. बौद्धांच्या मखादेव जातकात मिथिलेचा राजा न्हाव्याला सांगून ठेवतो, की डोक्यात पांढरा केस दिसला की मला कळव. न्हावी तो केस उपटून राजाच्या तळहातावर ठेवतो. राजा न्हाव्याला बक्षीस म्हणून गाव देतो, मुलाकडे राज्य सोपवतो आणि निघतो. एका केसाला गाव! बातमी आणणाऱ्याची इतकी कदर आपल्या वाङ्मयात फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. या परंपरेत पांढरा केस हे घरपोच आलेले पत्र आहे. ते पुसून टाकणारा माणूस आश्रमधर्म चुकवतो, असे कोणी म्हटले तर त्याला हसून उडवता येणार नाही.

पण याच परंपरेची दुसरी वही उघडली, की चित्र बदलते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांचे एक प्रकरण लिहिले आहे आणि त्याची सुरुवातच पांढऱ्या केसांपासून केली आहे. डोके पांढरे असेल तर माळा, अत्तर, वस्त्रे, दागिने काहीच शोभत नाही, तेव्हा आधी केस रंगवण्याची काळजी घ्यावी, असे तो सरळ सांगतो. त्याची कृतीही स्वच्छ आहे. कोद्रवाचे दाणे आंबवलेल्या आंबट पाण्यात, लोहचूर्ण घालून, लोखंडी भांड्यात शिजवायचे, बारीक वाटायचे, केसांना आंबट लावून त्यावर हा लेप थापायचा आणि ओल्या पानांनी डोके गुंडाळून बसायचे. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा पाने, पुन्हा दोन प्रहर, मग धुवायचे. शेवटी लोखंडाचा नि आंबटाचा वास घालवण्यासाठी सुगंधी द्रव्ये. कोद्रव म्हणजे इथला कोदो, जो छत्तीसगडच्या डोंगराळ भागात आजही पिकतो. लोखंडाची तर या राज्यात खाणच आहे, आणि आवळा मिळायला रायपूरच्या गोलबाजारापलीकडे जायला नको. वराहमिहिराचा सगळा नुस्खा या मुलखात घरचा आहे. आवळ्यातल्या तुरट द्रव्याची लोहाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस घालून जुन्या लेखनिकांनी शाई केली तीही याच गाठीने. पोथीवर जी शाई देवाचे नाव लिहिते, तीच जवळपास केसांवर बसते. लोखंडी कढईत आवळकाठी नि मेंदी रात्रभर भिजवून ठेवणाऱ्या बाईला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण ती नेमके तेच करते.

वराहमिहिराच्या प्रकरणाची जागा मला महत्त्वाची वाटते. त्याने केस काळे करणे वैद्यकात घातले नाही, अत्तराच्या आणि मुखवासाच्या शेजारी ठेवले. हा शृंगार आहे, हे तो उघडपणे मान्य करतो. वैद्य मात्र वेगळे बोलतात. सुश्रुत म्हणतो, की क्रोध, शोक आणि श्रम यांनी तापलेली शरीराची ऊब आणि पित्त डोक्यात चढते आणि केस ‘पचवते’, त्याचे पालित्य होते. मराठीने हा पाक जपून ठेवला आहे. आपले केस ‘पांढरे होतात’ त्याहून जास्त वेळा ‘पिकतात’. छत्तीसगढीतही चुंदी पाकते. फळ पिकते तसा माणूस पिकतो, या कल्पनेत तक्रार नाही, थोडा गोडवाच आहे. सुश्रुताच्या क्रोध-शोकाला आधुनिक प्रयोगशाळेनेही काही दुजोरा दिला आहे. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की तीव्र ताणाने केसांच्या मुळाशी असलेल्या, रंग देणाऱ्या मूळपेशी संपून जातात. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासात, ताण ओसरल्यावर माणसांचे काही थोडे केस पुन्हा काळे झाल्याचे आढळले. पण ते थोडेच, आणि तेही नुकते पिकू लागलेले. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव तंतू आहे. माक्याचे तेल त्याला मऊ करील, चमक देईल, तुटू देणार नाही, पण मुळातली आटलेली दौत बाहेरून लावलेले तेल भरू शकत नाही. बी-१२ सारखी एखादी उणीव असेल तर ती भरून निघाल्यावर काही वेळा केस सुधारतात, पण तो उपचार उणिवेचा झाला, वयाचा नव्हे.

म्हणजे एकाच वाटीत दोन निरनिराळ्या गोष्टी कालवल्या जातात: रंगवणे आणि परतवणे. मेंदीतला लाल रंग केसाच्या प्रथिनाला चिकटतो, नीळ त्यावर निळी छटा चढवते, दोन्ही मिळून काळपट तपकिरी दिसते. यात कुठे फसवणूक नाही. जे केले ते केले असे दिसते, आणि महिन्याभरात मुळाशी सेंटिमीटरभर पांढरी रेघ उगवून ते उघडही करते. ‘सात दिवसांत पांढरे केस मुळापासून काळे’ असे सांगणारे तेल मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते रंग विकत नाही, काळ उलटा फिरवून देतो म्हणते. खोटेपणा शोधायचा तर तो इथे आहे. मेंदी लावणारा म्हणतो, मला असे दिसायचे आहे. तेलवाला म्हणतो, तुम्ही पिकलाच नाहीत. पहिले वाक्य इच्छेचे आहे, दुसरे असत्य आहे. ययातीचे पापही या दुसऱ्या जातीचे होते. त्याने तारुण्याचा रंग मागितला नाही, आपल्या मुलाचे, पुरूचे तारुण्यच मागितले, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा काळ. खांडेकरांनी त्याच्यावर १९५९मध्ये कादंबरी लिहिली तेव्हा मराठी वाचकांना तो आपल्या काळातला वाटला, यात नवल नाही. चरकाने रसायन सांगताना आणखी एक मेख मारून ठेवली आहे. आवळ्याच्या आणि च्यवनप्राशाच्या पाठांपुढे तो आचाररसायन सांगतो. जो खरे बोलतो, रागावत नाही, कोणाला छळत नाही, त्याला रसायनाचे फळ मिळते. आणि त्या यादीत पहिले नाव सत्यवाद्याचे आहे. केस काळे राहावेत असे वाटणाऱ्याने आधी खरे बोलावे, ही अट तेलाच्या बाटलीवर छापायला कोणी तयार होईल असे दिसत नाही.

यावर मनूचा आक्षेप तसाच उरतो: पत्र पुसले ना? मनूने तीन खुणा सांगितल्या आहेत आणि त्यातली एकच मेंदीने झाकते. नातवंडाला नीळ लावता येत नाही. शिवाय वयाच्या पंचविशीत पिकलेल्या मुलाला वनाची वाट दाखवावी असे मनूचा कट्टर अनुयायीही म्हणणार नाही. पण खरे उत्तर रायपूरच्याच एका मराठी माणसाच्या टेबलावर सापडते. माधवराव सप्रे यांनी टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा आणि रामदासांच्या ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद केला. १९२६ साली ते रायपुरात वारले. त्यांच्या नावाची शाळा आजही बूढा तालाबाजवळ आहे. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९१५मध्ये छापले गेले. त्याचा सारा रोख असा, की संन्यास म्हणजे कर्म सोडून निघून जाणे नव्हे, कर्मफळाची ओढ सोडून उभे राहणे. हे मान्य केले तर पांढऱ्या केसाचे पत्र ‘जंगलात जा’ असे सांगत नाही, ‘पकड सैल कर’ असे सांगते. पकड सैल झाली की नाही हे डोक्याचा रंग सांगू शकत नाही. मुलाच्या हाती दुकानाच्या चाव्या न देणारा पांढराशुभ्र सासरा आपण पाहतोच, आणि मेंदीच्या लाल केसांनी सगळे वाटून मोकळी झालेली आजीही असते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो वेदान्त्याचा आहे: देह मी नाही हे ज्याला कळले, तो वाटी-चमचा घेऊन बसेलच कशाला? बसणार नाही, हे खरे. पण तो पांढऱ्या केसांची ऐटही मिरवणार नाही. देहाभिमान काळ्या केसात राहतो आणि पांढऱ्यात राहत नाही, असा नियम कुठे आहे? उलट मनूनेच दुसऱ्या अध्यायात बजावले आहे, की डोके पिकले म्हणून कोणी वृद्ध होत नाही. महाभारतात जनकाच्या दारी अडवलेला बालक अष्टावक्र हेच ऐकवतो, आणि धम्मपद थेरांविषयी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंविषयी, तेच म्हणते. छत्तीसगढीत ज्येष्ठाला सियान म्हणतात. तो शब्द सयाना म्हणजे जाणता याच घरातला. मराठीतला शहाणाही त्याच कुळातला दिसतो. इथल्या भाषेने मोठेपणाचे नाव केसावरून ठेवले नाही, जाणतेपणावरून ठेवले. जैन मुनी केस हातांनी उपटतात, तेव्हा काळे-पांढरे असा भेद उरत नाही. ती वाट खरोखर देहापलीकडची आहे. आपण मात्र ती वाट न धरता फक्त डबी बंद करायची आणि त्याला वैराग्य म्हणायचे, हे जमणार नाही.

तिसरा आक्षेप बहुधा पुरुष घेतात आणि बायकांवर घेतात: वयाला शोभेल असे राहावे. हे बोलण्याआधी मराठी समाजाने एक आठवण ठेवावी. विधवेचे केस कोणाचे, हे ठरवण्याचा अधिकार या समाजाने दीर्घकाळ स्वतःकडे ठेवला होता. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांचा संप घडवला. आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असे न्हाव्यांनी सांगितले. धर्मशास्त्राचे पंडित जे बोलले नाहीत ते वस्तरा हातात असलेल्यांनी बोलून दाखवले. वैराग्य दुसऱ्याच्या डोक्यावर लादले की ते वैराग्य राहत नाही, शिक्षा होते. ज्यांच्या पणजीच्या डोक्यावर केसच राहू दिले नव्हते, त्या घरात आजची आजी मेंदी भिजवत असेल, तर तिला मोहाचा उपदेश करण्याचा नैतिक हक्क आपल्याला फारसा नाही. फसवणुकीचे म्हणाल तर स्थळ पाहताना वय लपवणे हे केस रंगवूनही खोटेच आणि न रंगवताही खोटेच. तो दोष जिभेचा आहे, कढईचा नाही.

उरतो एक गोड गैरसमज, की घरगुती म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे निर्दोष. निसर्गाचा कौल तर पांढऱ्याच्या बाजूने आहे. त्याच्याविरुद्ध केलेल्या उपायाला नैसर्गिक म्हणणे हा भाषेचा विनोदच आहे. शिवाय ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांत पॅराफेनिलीनडायमिन हे रसायन असते, आणि त्याने काहींच्या कानामागे, कपाळावर पुरळ, सूज येते. खरी मेंदी कधीच एकटी काळी करत नाही, ती नारिंगी-लाल करते. तिचा खरेपणा तिच्या रंगातच आहे. इस्लामी परंपरेत मेंदीने पांढरे केस रंगवायला मुभा आहे आणि निखळ काळ्या रंगाबद्दल मात्र फकिहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्र्यांमध्ये, वाद आहे. त्या वादामागेही हाच भेद दिसतो: रंग दिसावा याला हरकत नाही, वय लपावे याला आहे. मी स्वतः इतका कडक भेद करणार नाही. पण रंगवणे आणि परतवणे यांच्यातली रेघ कुठे पडते, ते त्यांना नेमके कळले होते.

राहिला दशरथ. त्याने वराहमिहिराचा लेप थापून चार प्रहर डोक्याला पाने गुंडाळली असती, तरी कैकेयीचे वर, मंथरेची जीभ, राम आणि भरत यांची वये जिथल्या तिथेच राहिली असती. आणि रंग लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, की डोक्यावरच्या सगळ्या केसांत मेंदी उशिरा धरतात आणि लवकर सोडतात ते कानशिलावरचे, कानाच्या अगदी लगतचे केस.