ईश्वराशिवाय धर्म

पूर्वमीमांसा हे वेदांना सर्वोच्च प्रमाण मानणारे दर्शन. तरीही त्याच्या धर्मविचारात जगाचा कर्ता असा ईश्वर नाही. नैतिक निर्णयाला ईश्वरश्रद्धा लागते काय, या प्रश्नाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. येथे ईश्वराला बाजूला ठेवणारे हे धर्माचे वैरी नव्हते, त्याचे सर्वांत काटेकोर अभ्यासक होते.

या दर्शनाचा सूत्रकार जैमिनी याच्या मते धर्म कळतो तो वेदातील विधिवाक्यांवरून, आणि वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ताच नाही, ना मनुष्य ना देव. आज केलेल्या यज्ञाचे फळ पुढे कसे मिळते, याचा उलगडा ‘अपूर्व’ या अदृश्य शक्तीने होतो. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्त्याची कल्पना तपासली. सृष्टीपूर्वी जीवच नव्हते, तर ईश्वराला करुणा आली कोणाची? आणि करुणेनेच जग निर्माण केले, तर त्यात दुःख का?

न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, ईश्वराला असे वगळणे मान्य नव्हते. त्यांच्यापैकी उदयनाचार्यांचे म्हणणे असे की पापपुण्याचा साठा, म्हणजे अदृष्ट, हे जड आहे; कुऱ्हाड आपोआप लाकूड तोडत नाही, तसे अदृष्टही चेतन अधिष्ठात्याशिवाय फळ देणार नाही. शंकराचार्यांनीही फलदाता ईश्वरच मानला. मात्र त्याच्यावर पक्षपाताचा दोष येऊ नये म्हणून त्यांनी पावसाचा दृष्टांत दिला: पाऊस सर्वांना सारखाच, भात उगवतो की जव हे बियाण्यावर अवलंबून. या मांडणीत ईश्वर कर्माचे फळ देतो. ते कर्म चांगले की वाईट, हे त्याच्या मर्जीने ठरत नाही.

न्यायमतात वेदही ईश्वराचेच वचन आहे, त्यामुळे धर्माचे ज्ञान त्याच्याकडूनच येते, हे खरे. पण ते वचन प्रमाण का? तर वक्ता आप्त आहे, म्हणजे वस्तुस्थिती जाणणारा आणि ती जशीच्या तशी सांगणारा आहे, म्हणून. जाणण्याजोगे सत्य आधी असेल तरच कोणी त्याचा जाणकार होईल. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात सॉक्रेटिस हाच पेच घालतो: पवित्र कर्म देवांना प्रिय म्हणून पवित्र, की पवित्र म्हणून देवांना प्रिय? पहिला पर्याय स्वीकारला तर देवांची आवड बदलताच क्रौर्यही पवित्र ठरेल.

मीमांसेची मोठी उणीव वेगळीच आहे. तिने ईश्वर वगळला, पण आज्ञा ठेवली. जैमिनिसूत्रांतच शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारलेला आहे, आणि ग्रंथाने नाकारल्यावर त्या नकारातील अन्याय दाखवायला मीमांसकापाशी साधन उरत नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून ग्रंथप्रामाण्यही दूर सारले. बालविवाह, विधवांचे केशवपन या रूढींना त्यांनी एकच कसोटी लावली: त्या विवेकाला पटतात काय, आणि त्यांनी माणसाचे सुख वाढते की दुःख? सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी ही कसोटी सोडली नाही. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे, ईश्वरावर गाढ श्रद्धा असलेले, आगरकर अज्ञेयवादी. मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला दोघांचाही पाठिंबा होता.