उकरलेल्या मातीचं देणं

चि. भाचीस,


डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात तू रुजू झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, आणि पाठोपाठ तुझं पत्र आलं. संशोधन, शिकवणं आणि विभागाचे जाहीर कार्यक्रम यांपैकी कशाला किती वेळ द्यावा, असं तू विचारलं आहेस. पहिल्या वर्षी सगळंच अंगावर येतं. नॅकच्या मूल्यांकनाचे कागद, पदोन्नतीचं गुणांकन, परीक्षेची कामं यांच्याबद्दल मी काही सांगत नाही. ते तुझे सहकारी चांगलं सांगतील. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. ‘व्याख्यानं आणि प्रदर्शनं मूळ कामातून वेळ उरला तर करीन,’ असं तू लिहिलंस. आपल्या विषयात असा वेळ कधी उरत नसतो. आणि व्याख्यानं-प्रदर्शनं मूळ कामाबाहेरची आहेत, हेही मला मान्य नाही.

रसायनशास्त्रातला माणूस फसलेला प्रयोग उद्या पुन्हा लावू शकतो. आपण एक थर खणला की तो थर गेला. मागे राहते ती नोंदवही, खड्ड्याच्या भिंतीतल्या थरांचं (सेक्शनचं) चित्र, छायाचित्रं आणि पिशवीवरची चिठ्ठी. यातलं काही लिहून लोकांपुढे आलं नाही, तर ते उत्खनन म्हणजे नासधूसच, आणि ती सरकारी परवानगीनं केलेली असली म्हणून कमी होत नाही. हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण तू ज्या विभागात गेलीस तिथल्या थोर माणसांनी अहवाल लिहिण्याचं हे देणं फेडलेलं आहे. नेवाशाचं उत्खनन 1954 ते 56 मध्ये झालं आणि सांकळियांनी सहकाऱ्यांबरोबर त्याचा जाडजूड अहवाल 1960 मध्ये बाहेर काढला. घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 पासून 1983 पर्यंत काम चाललं. धवलीकर, सांकळिया आणि अन्सारी यांचा अहवाल 1988 मध्ये आला. त्या काळी खापरांची चित्रं हातानं काढायची आणि मजकूर टंकलेखन यंत्रावर उतरवायचा, हे लक्षात घेतलंस तर त्यामागचे कष्ट तुझ्या ध्यानात येतील. तुझा पहिला खड्डा बुजवला जाईल त्याच आठवड्यात अहवालाचं पहिलं प्रकरण लिहायला घे.

पण अहवाल वाचणार कोण? जगभरातले काही शे अभ्यासक. ज्यांच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर आपण दोऱ्या बांधतो, ज्यांच्या घरातली माणसं आपल्याकडे घमेली उचलतात, त्यांना तो कधी दिसत नाही. आणि टेकाड राहणार की जाणार हे त्यांच्या हातात असतं. पांढरीची माती शेतात टाकायला, घरं लिंपायला, धाब्यावर घालायला गावोगाव बैलगाड्या भरून नेली गेली. आता ट्रॅक्टर आणि जेसीबी आहेत. कायद्याचा फलक लावून हे थांबत नाही. ती माती म्हणजे काय, हे गावातल्या माणसांना कळलं तर काही अंशी थांबतं. दायमाबादचं उदाहरण तू स्वतः शिकवशीलच. तिथला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस 1974 मध्ये सापडली ती कुणा पुरातत्त्वज्ञाला नव्हे, झाडाचं मूळ खणणाऱ्या एका भिल्ल माणसाला. साठ किलोंहून जास्त वजनाचं ते धातुकाम मोडीत गेलं असतं, तर आपल्याला त्याची कुणकुणही लागली नसती. आपल्या विषयातल्या कितीतरी मोठ्या गोष्टी आधी शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, विहीर खणणाऱ्याच्या नजरेला पडल्या आहेत. त्यांच्याशी बोलणं हा संशोधनाचाच भाग धर.

शिवाय ते नुसते श्रोते नसतात. इनामगावच्या घरांजवळ लिंपलेले गोल ओटे मिळाले, जमिनीत बसवलेले चपटे दगड मिळाले. त्या ओट्यांवर धान्याच्या कणग्या आणि दगडांवर रांजण ठेवत असावेत, हे अनुमान खेड्यांतली आजची घरं पाहून निघालं. खड्ड्याच्या काठावर डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली बाई चूल कुठल्या बाजूनं पेटवत असतील हे तुला सांगेल, आणि ते तिला पुस्तकावाचून माहीत असेल. तिचं म्हणणं नोंदवहीत लिही, तारखेसकट.

गावातल्या पहिल्या व्याख्यानाला तुला दोन प्रश्न नक्की येतील. पहिला, ‘सोनं सापडलं का?’ याला हसू नकोस. तो प्रश्न विचारणाऱ्यानं आयुष्यभर गुप्तधनाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात आणि तू महिनाभर त्याच्या डोळ्यांदेखत खुरप्यानं माती खरवडते आहेस. त्यानं आणखी काय समजावं? त्याला जळलेलं धान्य दाखव. पाण्यानं भरलेली टाकी समोर ठेव, राखेच्या थरातली माती तिच्यात हळूहळू सोड, ढवळ. माती तळाशी बसते आणि कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक कापडावर गाळून घे. जवाचा एक काळा दाणा पोराच्या तळहातावर ठेव आणि सांग, की इनामगावला जव हे मुख्य पीक होतं, ते हिवाळ्यात येतं, त्याला पाणी लागतं, आणि तिथे पाटाच्या खुणाही मिळाल्या आहेत. पाट म्हटल्यावर तिथले शेतकरी तुला असे प्रश्न विचारतील की तुझी तयारी कमी पडेल. घोड नदीला पाणी कधी असतं नि कधी नसतं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो तास मी तुझ्या कुठल्याही परिसंवादापेक्षा मोलाचा मानीन.

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: ‘ती माणसं कोणत्या जातीची होती? म्हणजे आमच्यापैकी का?’ इथे मात्र खंबीर राहा. खापर जात सांगत नाही आणि भाषाही सांगत नाही, हे स्पष्ट बोल. गावाला अभिमान वाटावा म्हणून काळ मागे ढकलू नकोस, पाहुण्या पुढाऱ्याला आवडेल म्हणून एखाद्या पुराणातल्या राजाचं नाव त्या टेकाडाला चिकटवू नकोस. एकदा मंचावरून निघालेलं वाक्य शाळेच्या फळ्यावर जातं, तिथून गावच्या कमानीवर कोरलं जातं, आणि मग ते पुसायला दोन पिढ्या लागतात.

पुरावा कुठे संपतो आणि आपला तर्क कुठे सुरू होतो, हे श्रोत्यांपुढे उघड करून दाखव. यासाठी इनामगावच्या दफनांइतकं चांगलं उदाहरण नाही. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. इतका पुरावा आहे, तो सांगाड्यांत आहे. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून तोडले असतील, हा तर्क आहे. पटण्यासारखा आहे, पण तर्कच आहे. तू हे असं वेगळं करून सांगितलंस तर सभागृहात कुणी निराश होत नाही. उलट लोक पुढे सरकून बसतात, स्वतःचे तर्क मांडू लागतात. ‘हे आम्हाला माहीत नाही’ असं म्हणायला विद्यापीठाच्या माणसानं लाजायचं नसतं.

आता वर्गाबद्दल. तुझ्याकडे परभणी, यवतमाळ, सांगलीकडची मुलं येतील. बरीचशी मराठी माध्यमातली असतील आणि इंग्रजी पुस्तकांनी दबलेली असतील. त्यांना पहिल्या दिवशी ताम्रपाषाण संस्कृतींचा तक्ता देऊ नकोस. जोर्वे या ताम्रपाषाण पद्धतीच्या भांड्याचा एक काठ प्रत्येकाच्या हातात दे आणि दहा मिनिटं गप्प बस. नखानं टिचकी मारली की ते खापर खणकन वाजतं, कारण ते चांगलं भाजलेलं आहे. हे त्यांनाच ऐकू दे. मग वर्तुळांचा तक्ता टेबलावर पसरून काठ त्यावर पालथा धरायला सांग. काठ आणि कागद यांच्यामधून उजेड दिसेनासा होईपर्यंत तो पुढे-मागे कलवायचा, आणि मग वर्तुळावर सरकवत कुठल्या रेघेशी जुळतो ते पाहायचं. हाताएवढ्या तुकड्यावरून अख्ख्या भांड्याचं तोंड किती रुंद होतं हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी मुलगा या विषयात शिरतो. त्यानं जे पाहिलं ते आधी त्याच्या मराठीत लिहू दे. इंग्रजी संज्ञा आठवड्यानं आल्या तरी बिघडत नाही. न पाहता पाठ केलेल्या संज्ञा मात्र जन्मभर पोकळ राहतात.

याच मुलांना जाहीर कार्यक्रमात उभं कर. प्रदर्शनाच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या वाट्याला खुर्च्या उचलणं आणि पाहुण्यांना चहा देणं येतं, ते मला कधीच रुचलेलं नाही. तुमच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू आहेत. एकेका कपाटाजवळ एकेक विद्यार्थी ठेव आणि येणाऱ्या माणसाशी बोलायचं काम त्याच्यावर सोपव. सातवीतल्या मुलीनं ‘पण हे तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारल्यावर तुझ्या विद्यार्थ्याला किती समजलंय हे तुला तोंडी परीक्षेपेक्षा नीट दिसेल. तू लांब उभी राहून ऐक. जिथे तो अडखळतो तिथे पुढच्या आठवड्याचा तुझा तास आहे.

कार्यक्रमांच्या थाटामाटाविषयी थोडंच. शाल-श्रीफळ, परिचय आणि प्रास्ताविक यांत पाऊण तास जातो, मग वक्त्याला घाई होते आणि प्रश्नोत्तरं गाळली जातात. तू आयोजक असशील तेव्हा प्रश्नांचा वेळ आधी राखून ठेव. पुढच्या रांगा शाळकरी मुलांना दे. बातमी चुकीची येते अशी तक्रार करण्यापेक्षा अर्ध्या पानाचं टिपण मराठीत स्वतः लिहून वार्ताहरांना दे. तालुक्याच्या कॉलेजांतून पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची व्याख्यानं होतात. तिथून बोलावणं आलं तर एस.टी.चा प्रवास लांबचा आहे म्हणून नाही म्हणू नकोस. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये. तेव्हापासून महाराष्ट्रात लोक संध्याकाळी एकत्र बसून जाणत्या माणसाचं ऐकत आले आहेत. अशी ऐकणारी माणसं आयती मिळणं हे आपलं भाग्य आहे, आणि विद्यापीठं त्यांच्याकडे पाठ फिरवतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

मराठीत लिहायचं टाळू नकोस, तेवढंच आणखी. सांकळिया घरचे गुजराती, तरी सहलेखक माटे यांच्यासह त्यांचं ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ आहे. धवलीकरांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहिली. गुणांकनाच्या तक्त्यात अशा पुस्तकाला फारसं मोल मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिही; परदेशी नियतकालिकातल्या निबंधाइतकाच कस लावून, संदर्भ तपासून लिही. लोकांसाठी लिहिताना हात सैल सोडायचा असतो असं मानणारी माणसं तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

डिसेंबरात तुमची तुकडी क्षेत्रकार्याला निघेल तेव्हा गावाचं नाव कळव. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी जाऊन भेट, खड्डा आखायच्या आधी. आणि त्या गावातल्या तुझ्या व्याख्यानाचा मराठी मसुदा मला पाठव. लाल पेनानं खुणा करून आठ दिवसांत परत पाठवीन.

तुझी,
मावशी