सहीचा रकाना

यंत्राच्या कुठल्याही ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. भागाचं नाव, धातू, स्केल, तारीख, आणि त्याखाली तीन लहान रकाने : कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. मागच्या उन्हाळ्यात जेऊरला गेलो होतो तेव्हा माझ्या शाळेतल्या मित्राने असं एक ड्रॉइंग माझ्यासमोर ठेवलं, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हितं तेवढी सही कर."

ड्रॉइंग होतं माल चढवायच्या लिफ्टचं. उजनीच्या पाण्यामुळे आमच्या पट्ट्यात ऊस आला, केळी आली, आणि केळीपाठोपाठ पॅकहाउस आली. अशाच एका पॅकहाउसला केळीची क्रेट वरच्या मजल्यावर न्यायला पाचशे किलोची लिफ्ट हवी होती. मोटर, गिअरबॉक्स, दोर गुंडाळायचा ड्रम, त्याचा शाफ्ट, दोन बेअरिंग. सगळं मित्राने डिझाइन केलं होतं. गिऱ्हाइकाची अट एकच होती : त्यांच्या फायलीसाठी ड्रॉइंगवर पदवीधर इंजिनिअरची सही पाहिजे.

मित्राकडे पदवी नाही. बारावीनंतर तो फॅब्रिकेशनच्या दुकानात लागला. दिवसा वेल्डिंग करायचा आणि रात्री जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून कॅड शिकायचा. आज आसपासची तीन-चार वर्कशॉप त्याच्याकडून ड्रॉइंग करून घेतात. माझ्याकडे पदवी आहे, कॉम्प्युटरची. शाफ्ट या विषयाशी माझा शेवटचा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आला होता, आणि तिथेही जर्नल मी दुसऱ्याचं बघून पूर्ण केलं होतं.

"माझी डिग्री त्यातली नाही रे," मी म्हणालो.

"त्यांनी कुठं इचारलंय कशातली म्हणून? इंजिनिअर हाईस न्हवं?"

त्या वेळी मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता. ज्याला येतं त्याच्या कामाखाली, ज्याला येत नाही त्याने, केवळ कागद आहे म्हणून सही करावी का? आणि नाही केली, तर नेमकं काय वाचवलं?

या प्रश्नाचं तयार उत्तर आपल्याकडे आहे आणि ते मित्राच्या बाजूचं आहे : पदवीला काय चाटायचंय, हातात कला पाहिजे. दाखल्याला माणूसही तयार आहे, लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ साली बेळगावजवळच्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथे लक्षात आलं की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण रेघ हातात राहिली. त्या रेघेच्या जोरावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानात उतरले. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. जागा देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हा या गोष्टीतला मला आवडणारा धागा. एका चित्रकाराने दुसऱ्या, अर्ध्यावर राहिलेल्या चित्रकाराला कारखाना काढायला माळ दिला.

म्हणजे यंत्रांची पदवी नसलेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाने महाराष्ट्राला यंत्रं दिली. इथे गोष्ट थांबवली की माझ्या मित्राला न्याय मिळतो आणि मला सही करायला हरकत उरत नाही. पण ती इथे थांबत नाही. लोखंडाने जमिनीला विष चढतं असं मानून शेतकरी नांगर घेईनात. पहिले नांगर कितीतरी काळ पडून होते. त्या शेतकऱ्यांना आपण आज अडाणी म्हणून मोकळे होतो. मला त्यांचं म्हणणं समजतं. पीक बुडालं तर धरायचं कोणाला? लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार होता. त्याचं घर माहीत होतं. लोखंडी नांगरामागचा माणूस त्यांना दिसत नव्हता. पुढे लोक नांगरालाच 'किर्लोस्कर' म्हणू लागले, तेव्हा ते नाव म्हणजे प्रमाणपत्र नव्हतं, पत्ता होता. मोडलं तर कुठे जायचं, ते सांगणारा.

नावाचे असे दोन उपयोग असतात, हे मला मित्राच्याच घरी कळलं. रात्री तो चित्रं काढतो. सेकंडहँड पेन टॅब्लेट आहे आणि एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. जेऊर स्टेशनचा फलाट, करमाळ्याला जाणाऱ्या जीपच्या टपावरची माणसं, उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी. सहीचं बोलणं झालं त्याच रात्री त्याने एक चित्र दाखवलं : रोहितांच्या थव्यामागे एक भलंमोठं लोखंडी यंत्र, आणि त्याच्या मधोमध तीन दातेरी चाकं, प्रत्येक चाक उरलेल्या दोघांत अडकलेलं.

इतकं मलाही कळलं. अशी तीन चाकं फिरूच शकत नाहीत. पहिलं उजवीकडे फिरलं की दुसरं डावीकडे, तिसरं पुन्हा उजवीकडे, आणि तिसरं जिथे पहिल्याला भिडतं तिथे दात एकमेकांना अडवतात. सगळं जाम.

"हे फिरणार नाही," मी म्हणालो.

"चित्रात फिरतंय की," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "दिवसभर दोन शतांश मिलिमीटर इकडं का तिकडं, त्यातच असतोय. हितं चुकलं तर कुणाच्या अंगावर पडत न्हाय."

चित्राच्या कोपऱ्यात त्याचं पूर्ण नाव होतं. लिफ्टच्या ड्रॉइंगवर, 'कोणी काढलं' या रकान्यातसुद्धा, नव्हतं. तिथे वर्कशॉपच्या मालकाची आद्याक्षरं होती.

मला आधी वाटलं, इथे अन्याय श्रेयाचा आहे. आमचं गाव या बाबतीत हळवं आहे. नागराज मंजुळेंचं गाव म्हणून जेऊर ओळखलं जातं, आणि सिनेमा संपल्यावर पडद्यावर दिवे धरणाऱ्याचंही नाव सरकत जातं हे आम्ही पाहिलेलं आहे. ड्रॉइंगला तर तीनच रकाने, त्यातही खऱ्या माणसाला जागा नाही. पण मित्राला श्रेयाची फारशी फिकीर नव्हती. ते त्याला चित्रावर पुरेसं मिळत होतं. चित्रावरची सही म्हणते, हे मी पाहिलं. ड्रॉइंगवरची सही म्हणते, काही झालं तर मला विचारा. पहिली सही हक्क सांगते, दुसरी जबाबदारी घेते. दुसऱ्या प्रकारची सही उधार देता येत नाही.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं आहे. १७ जुलै १९८१ रोजी तिथल्या एका हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल खालच्या गर्दीवर कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत एकसंध लोखंडी कांब होती. बसवायला सोपं जावं म्हणून तिचे दोन तुकडे झाले : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. दोरीला दोन माणसं वेगवेगळी लोंबकळणं आणि दुसऱ्याने पहिल्याचे पाय धरून लोंबकळणं, एवढा तो फरक. त्या ड्रॉइंगवर रीतसर इंजिनिअरचा शिक्का होता. पदवी होती, परवाना होता, सही होती. फक्त तो जोड कोणी तपासला नव्हता. दोन इंजिनिअरांचे परवाने पुढे रद्द झाले.

ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी टोचते. पदवीधराची सही माणसं वाचवत नाही, हे तिच्यातून दिसतं. न तपासता केलेली सही काय करू शकते, हेही तिच्यातूनच दिसतं. न तपासलेल्या रकान्यापेक्षा रिकामा रकाना बरा. रिकामा रकाना निदान खोटं बोलत नाही.

मी सही केली नाही. कारणं नीट सांगितली, असं मला तेव्हा वाटलं. मित्र म्हणाला, "बरोबर हाय तुझं," आणि ड्रॉइंगची गुंडाळी केली. चार दिवसांनी दुसऱ्या कुणा पदवीधराने, मोटारसायकलवरून न उतरता, त्यावर सही केली. लिफ्ट बसली. चालली. आजही चालते आहे.

निबंध इथे संपवला असता तर मी सज्जन ठरलो असतो. पण पुण्याला परतल्यावर रोजचं काम करताना ती सही मला सोडेना. आमच्या धंद्यात प्रत्येक ओळीवर नाव असतं. 'गिट'मध्ये एक कमांड आहे, तिचं नावच 'ब्लेम'. कुठलीही ओळ कोणी, कोणत्या तारखेला लिहिली, ते ती सांगते. माझं नाव अशा हजारो ओळींवर आहे. पण आम्ही ज्या खुल्या लायब्ररी वापरतो, त्यांच्या परवान्यात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की हे आहे तसं घ्या, नुकसान झालं तर आम्ही बांधील नाही. नाव प्रत्येक ओळीवर, जबाबदारी कुठेच नाही. पदवीधर इंजिनिअर म्हणून मिरवताना, माझ्या चुकीने कोणाच्या डोक्यावर काही पडेल या भीतीने मी एकही रात्र जागलेलो नाही. मित्र जागलेला आहे. मग सही नाकारण्याचा नैतिक ताठा माझ्याकडे आला कुठून? मी तत्त्व वाचवलं की फक्त स्वतःचा हात?

आता वाटतं, माझ्यासमोर दोनच वाटा आहेत असं मी धरून चाललो, तिथे चुकलो. सही करणं किंवा न करणं, या दोन्हींत मला काहीच कष्ट नव्हते. तिसरी वाट होती : बस, मला समजावून सांग, आपण तपासू. रकान्यात 'तपासलं' असं क्रियापद आहे, आणि मी ते पदवीच्या नावासारखं वाचत होतो.

दिवाळीत गेलो तेव्हा मी त्याला ते ड्रॉइंग पुन्हा काढायला लावलं. दोन रात्री बसलो. तो शिकवत होता, मी वही घेऊन. शाफ्टचा व्यास चाळीसवरून पन्नास मिलिमीटर केला, म्हणजे नुसता सव्वापट केला, की पीळ सोसायची ताकद जवळजवळ दुप्पट होते, कारण ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हे सूत्र त्याला माहीत होतं. शाफ्टची जाडी जिथे बदलते तिथला कोपरा काटकोनी ठेवायचा नाही, गोलाई द्यायची, हे तर तो पुस्तकाआधी शिकलेला होता. त्याने मोडलेले शाफ्ट इतके पाहिलेत की तडा कुठून सुरू होतो ते तो बोटाने दाखवतो.

दुसऱ्या रात्री मी पुस्तकात बघून एक भाबडा प्रश्न विचारला. तारदोर ज्या ड्रमवर गुंडाळायचा, तो दोराच्या जाडीच्या निदान पंधरा-वीस पट तरी हवा असं लिहिलंय, नाहीतर वाकून वाकून आतल्या तारा लवकर तुटतात. आपला किती आहे? त्याने मोजलं. दहापटसुद्धा नव्हता. ताकद त्याने बघितली होती, वाकणं बघितलं नव्हतं. त्याच्या दुकानात तारदोर कधी आलाच नव्हता, त्यामुळे तुटलेला दोरही त्याने पाहिला नव्हता.

स्वतः शिकणाऱ्याची मर्यादा मला तिथे दिसली, आणि ती बुद्धीची नव्हती. स्वतः शिकणारा त्याला भेटलेल्या प्रश्नांतून शिकतो. अभ्यासक्रम, कितीही कंटाळवाणा असला तरी, न भेटलेल्या प्रश्नांचीही यादी देतो. माझ्याकडे यादी होती, कधी उघडलेली नव्हती. त्याच्याकडे हात होता, यादी नव्हती. एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याने तपासणं म्हणजे या दोन गोष्टी एका टेबलावर आणणं. तपासून घेण्यात त्याला अपमान वाटला नाही. न तपासता सही मागावी लागली होती, त्यात वाटला होता. हे त्याने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकल काढून त्या पॅकहाउसला गेला. मालकाला सांगितलं, ड्रम लहान पडलाय, मोठा करून देतो, तोवर लिफ्ट बंद ठेवा आणि खाली कुणाला उभं राहू देऊ नका. मालकाने फाइल काढली, ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, "तुमचं नाव तर यावर कुठंच नाही. तुम्ही कोण?"

"ज्यानं काढलंय त्यो," मित्र म्हणाला.

नवा ड्रम त्याने स्वखर्चाने बसवला. सही करणाऱ्याला हे अजून माहीत नाही. नव्या ड्रॉइंगमध्ये पहिल्या रकान्यात मित्राचं नाव आहे. दुसऱ्यात माझं आहे, आणि शेजारी मी बारीक अक्षरांत लिहिलंय : फक्त ड्रम आणि दोर. तेवढंच मी तपासलं होतं. तिसरा रकाना मोकळा आहे. यंत्राची पदवी असलेला आणि बसून ड्रॉइंग वाचणारा माणूस आम्ही शोधतो आहोत.