रोजचे ताट

ताटांची खरेदी दुकानात होते आणि तिथे निर्णय घेतात ते डोळे. चकाकी पाहिली जाते, नक्षी पाहिली जाते, चार पाहुणे आले तर पंगत कशी दिसेल याचा अंदाज घेतला जातो. पुढे वर्षानुवर्षे त्या ताटांशी संबंध येतो तो मात्र हातांचा: वाढणाऱ्या, जेवणाऱ्या आणि घासणाऱ्या हातांचा. म्हणून ही खरेदी मला किरकोळ वाटत नाही. आपल्या घरात रोज काय शिजते, ते कोण खाते आणि घरातल्या सर्वांत अशक्त हाताचा विचार आपण केला आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे ताट घेताना द्यावी लागतात.

आधी अन्न आणि मग भांडे, हा क्रम फार जुना आहे. ब. बा. लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात हस्तिनापूरला उत्खनन केले, तेव्हा करड्या रंगाची, काळ्या रेघांनी रंगवलेली पातळ मातीची भांडी सापडली. या भांड्यांत दोन आकार पुन्हा पुन्हा भेटतात: उथळ थाळी आणि वाडगा. थाळी-वाटीची आपली जोडी सुमारे तीन हजार वर्षांची आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक वर्षे खोदकाम केले. तिथल्या जोर्वे काळातल्या, मुख्यतः सातू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरांत कंगोरेदार वाडगे आणि तोटीची भांडी जास्त होती. जेवणाचा घट्टपणा-पातळपणा भांड्याच्या आकारात उतरतो असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा शोधायला उत्खननापर्यंत जाण्याची गरज नाही. रस्सा-भाकरी कुस्करून खाणाऱ्या घरांत उंच काठाची खोल पितळी होती. वरण-भात, कोशिंबीर, दोन भाज्या असा स्वयंपाक होणाऱ्या घरांत रुंद, सपाट बुडाचे ताट होते.

मराठी ताट वाढण्याची रीत पाहिली की त्या रुंदीचे कारण कळते. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. खाली मध्ये भात. जे चिमूटभर खायचे ते डावीकडे आणि ज्याकडे हात वारंवार जातो ते उजवीकडे. या मांडणीला साधारण तीस सेंटिमीटर व्यासाचे सपाट बूड लागते आणि बोट-दीड बोट उंचीचा उभा काठ लागतो. हाताने जेवणाऱ्याला काठ फार उपयोगी पडतो. कालवलेला भात काठाशी ओढून घास बांधता येतो आणि आमटी ताटाबाहेर जात नाही. सुरी-काट्यासाठी घडलेल्या युरोपीय ताटाला पसरट, उतरती कड असते. कापण्यासाठी मधला भाग मोकळा हवा आणि कड कोरडी राहावी, ही तिथली गरज आहे. ते ताट त्याच्या जागी उत्तमच आहे. पण सत्तावीस सेंटिमीटरच्या त्या ताटात आपल्या जेवणाच्या वाट्याला येतो तो मधला लहानसा गोल. त्यात वाटी ठेवली की भाताला जागा उरत नाही, आणि हळूहळू घरातली कोशिंबीर बंद होते, मग चटणी बंद होते. ताट चुकले की जेवण आक्रसते.

लहान ताट घेतले की माणूस कमी जेवतो, असा एक सल्ला अलीकडे दिला जातो. मोठ्या वर्तुळात तोच गोल लहान दिसतो, हा दृष्टिभ्रम बेल्जियमच्या देल्बफने १८६५मध्ये मांडला, तो खरा आहे. त्यावरून भुकेबद्दल काढलेला निष्कर्ष मात्र पुढच्या प्रयोगांत सारखा टिकला नाही. ताटाचा आकार भूक आवरण्यासाठी निवडू नये, जेवणातले सगळे पदार्थ नीट मावावेत यासाठी निवडावा.

आता धातूंकडे वळू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ताक, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाने तांबे सुटते आणि पदार्थ कळकतो. त्यावर आपल्याकडचा उपाय कल्हईचा. भांडे तापवायचे, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा आणि कथील कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून रस्त्याकडेला लावलेल्या लहानशा भात्यावर हे काम होत असे. पण हा थर पातळ असतो, रोजच्या घासण्याने उडतो आणि पुन्हा चढवावा लागतो. ज्या गावात, ज्या पेठेत कल्हईवाला उरलेला नाही, तिथे रोजच्या जेवणासाठी पितळी ताट घेऊ नये. वस्तूबरोबर ती सांभाळणारे कौशल्यही जवळपास असावे लागते. काशाच्या ताटाला कल्हई लागत नाही. तांबे सुमारे ७८ टक्के आणि कथील सुमारे २२ टक्के अशा या मिश्रधातूची सोनेरी झाक देखणी असते, पण हातातून निसटले तर हे ताट तडकू शकते.

स्टेनलेस स्टीलचा इतिहास बंदुकीच्या नळीपासून सुरू होतो. नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली पोलादाचे प्रयोग करत होता. १९१३मध्ये त्याने क्रोमियम घातलेले पोलाद ओतले आणि ते गंजत नाही हे त्याच्या लक्षात आले. क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या प्राणवायूने तो पुन्हा धरतो. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या बायकांनी पितळ मोडीत घातले, जुने कपडे बोहारणीला देऊन स्टीलचे एकेक भांडे जमवले. त्या बदलाबद्दल आज हळहळ ऐकू येते. चिंच आणि राखेने रोज पितळ घासून चिरलेले हात ज्याने पाहिले आहेत, त्याला ती हळहळ पटणार नाही. स्टीलने घरातल्या बाईचे कष्ट खरोखर कमी केले.

स्टील घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०० मालिकेत निकेलचा बराचसा वाटा मँगनीज घेते आणि मिठाच्या, आंबटाच्या संपर्कात ते लवकर डागाळते. लोहचुंबक लावून पाहण्याची दुकानातली परीक्षा इथे फसवी ठरते, कारण चुंबक या दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही. तेव्हा प्रत छापलेली असेल तेच ताट घ्यावे. दुसरे म्हणजे जाडी. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. पातळ ताट वाजते, पोचे पडतात आणि ओल्या हाताला त्याची कड लागते.

काच आणि चिनी मातीला धातूची चव नसते, ही त्यांची मोठी जमेची बाजू. बोन चायना घेताना मात्र एक माहिती असावी: अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडने इंग्लंडमध्ये रूढ केलेल्या या प्रकारात जवळजवळ निम्मा वाटा जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो. कडक शाकाहार पाळणाऱ्या घराने साधी पोर्सेलीन किंवा ओपल काच घ्यावी. मातीच्या ताटात अन्न जिथे टेकते तिथे भडक रंगकाम नसावे, कारण हलक्या प्रतीच्या रंगांत आणि झिलईत शिसे असू शकते. मेलामाइन हलके असते, सहसा फुटत नाही. पण ते मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये आणि गरम, आंबट पदार्थ त्यात वाढू नयेत.

आता त्या अशक्त हाताकडे. आजोबांचा हात थरथरत असेल तर त्यांना उभ्या काठाचे, बूड न घसरणारे ताट हवे, म्हणजे घास काठाला टेकवून उचलता येतो. दृष्टी अधू झाली असेल तर रंगही महत्त्वाचा. बोस्टनच्या संशोधकांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात प्रगत अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे २५ टक्क्यांनी आणि पिणे ८४ टक्क्यांनी वाढले. पांढऱ्या ताटातला पांढरा दहीभात ज्या आजीला नीट दिसत नाही, तिने तो अर्धवट टाकला की आपण म्हणतो, तिची भूक मेली. कदाचित तिला फक्त गडद रंगाचे ताट हवे असेल.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे: ही ताटे कोणाची? आंदणात आलेल्या ताटांवर मुलीचे नाव आणि लग्नाची तारीख कोरण्याची आपल्याकडे रीत होती. जिचे नाव ताटावर, तीच घरात सर्वांत शेवटी जेवायला बसे, आणि पुष्कळ घरांत नवऱ्याच्या उष्ट्या ताटात. काही माणसांसाठी तर ताटच निराळे असे आणि ते घराबाहेरच्या कोनाड्यात राही. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवली, कारण एका पंगतीला बसणे म्हणजे काय हे त्यांना नेमके ठाऊक होते. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. तरीही आज चांगल्या सोसायट्यांतल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक ताट आणि एक कप वेगळा ठेवलेला असतो. घरातली सगळी भांडी जी बाई घासते, तिच्यासाठी. हस्तिनापूरच्या थाळीपासून स्टीलपर्यंत ताटाचे सगळे शहाणपण या एका वेगळ्या ताटापाशी थिटे पडते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. ताटे घ्याल तेव्हा रोजच्या जेवणाच्या मापाची घ्या, पाहुण्यांसाठी वेगळा संच कपाटात कोंडू नका. म्हाताऱ्या माणसाला ताट हातात धरून पाहू द्या. घरात जितकी माणसे जेवतात त्यापेक्षा दोन ताटे जास्त घ्या, आणि ती सगळी एकाच संचातली घ्या. मग आपल्या घरात जो कोणी जेवेल, तो त्याच ताटात जेवेल असे ठरवा, आणि ओट्याखालचे ते वेगळे ताट आजच मोडीत घाला.