हाताबाहेरचं खातं

रात्री दिवा मालवला की रोमन स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका दिवसाचा हिशोब मांडायला बसे. बायकोला सवय ठाऊक होती, ती गप्प राही. आज कोणाशी उगाच वाद घातला, कोणाला सुधारायच्या नादात दुखावलं, हे तो स्वतःलाच विचारी आणि काही न लपवता उत्तर देई. क्रोधावरच्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हे सगळं आहे. अशा झाडाझडतीनंतर झोप गाढ लागते, असंही तो सांगतो.

स्टोइकांच्या लिखाणात मला खुपतं ते नेमकं हेच. मृत्यूवरचं त्यांचं लिखाण मात्र मी चवीने वाचतो. मार्कस ऑरेलियससारखा सम्राट डॅन्यूबकाठच्या युद्धछावणीत बसून, राज्यात साथ पसरलेली असताना, स्वतःपुरती टिपणं लिहितो: सगळं वाहून जाणार, नावंही पुसली जाणार. त्याची बहुतेक मुलं लहानपणीच गेली होती. त्यामुळे त्याच्या लिहिण्याला वजन आहे. माझ्या वाचण्याला तेवढं आहे का? वाचून मन हलकं होतं, आपण बरेच पोचलेले आहोत असं वाटतं, आणि मी चहा टाकायला उठतो.

एपिक्टेटस जास्त अडचणीचा. जन्माने गुलाम, पायाने अधू. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोमबाहेर काढलं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याची मूळ शिकवण सोपी: आपली मतं, आपल्या इच्छा, आपलं वागणं आपल्या हातात, शरीर, पैसा, नावलौकिक, अधिकार हाताबाहेर. हाताबाहेरच्याचा शोक करू नये.

उभी हयात बँकेत गेली, म्हणून असेल, मी याची लगेच दोन खाती पाडली. गडबड तिथेच झाली. हाताबाहेरचं खातं भलतंच फुगलं. थोरल्या भावाशी गावच्या जमिनीवरून बोलणं बंद आहे. त्याचा स्वभाव माझ्या हातात नाही, हे खरं. पण तेवढं म्हणून मी ते सगळं प्रकरणच त्या खात्यात टाकलं आणि वर त्याला स्वीकार असं भारदस्त नाव दिलं. फोन लावणं कोणाच्या हातात होतं? एपिक्टेटसने गुलामी सोसून जे कमावलं, ते मी कटकट टाळायला वापरतो. तरुण वयात हेच केलं की लोक आळशी म्हणतात. साठीनंतर विरक्त म्हणतात, एवढाच फरक.

सगळ्यात जुनी थकबाकी मृत्युपत्राची. कपाटात निळी फाइल आहे. ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद, सोसायटीचं भागपत्र, सगळं क्रमाने लावलेलं. त्यातल्या एका पासबुकावर नॉमिनी म्हणून अजून आईचं नाव आहे, आणि आई जाऊन कैक वर्षं झाली. दुसऱ्यांचे वारसदावे निकाली काढताना मी याच गोष्टीवरून लोकांना चार शब्द सुनवायचो.

मृत्यूचं चिंतन करणाऱ्या माणसाला एक पान का लिहिता येऊ नये? मरणाची भीती म्हणावी, तर ती फारशी जाणवत नाही. भीती आहे ती नावापुढे वाटा लिहिण्याची. मुलाला काय, मुलीला काय, आणि ते वाचताना त्यांची तोंडं कशी होतील. म्हणून मी म्हणतो, आपल्यामागे जे व्हायचं ते होईल. हे वाक्य स्टोइक वाटतं, पण त्यात भित्रेपणाच जास्त आहे. कारण काय होईल ते मला पक्कं माहीत आहे. मी काहीच लिहिलं नाही तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा. ऐकायला न्यायाचं आहे. पण ज्या घरात बायकोने जन्म काढला, त्या घराची माझ्यामागे ती एक तृतीयांश मालकीण. विकायचं झालं तर दोन्ही मुलांच्या सह्या गोळा करायच्या.

सेनेकाला मी पूर्वी फार हसायचो. साधेपणाचा उपदेश करायचा आणि संपत्ती तीस कोटी सेस्टर्स. सम्राट नीरोचा गुरू. इ.स. ५९ मध्ये नीरोने आईला मारलं, तेव्हा सेनेटला पाठवलेल्या समर्थनाच्या पत्रामागे लेखणी याचीच असल्याचा बोभाटा झाला, असं इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्या रात्री दिवा मालवल्यावर त्याने स्वतःला काय उत्तर दिलं, ते आपल्यापर्यंत आलेलं नाही. टॅसिटसनेच त्याचा शेवटही लिहिला आहे. इ.स. ६५ मध्ये नीरोचा मरणाचा हुकूम आला तेव्हा सेनेकाने मृत्युपत्र मागितलं. सेंच्युरियनने, म्हणजे रोमन लष्करी अधिकाऱ्याने, नकार दिला. पण आपलं दहन कुठल्याही समारंभाशिवाय व्हावं, हे त्याने सत्ता आणि पैसा ऐन भरात असतानाच लिहून ठेवलं होतं, आणि तसंच झालं.

ज्याला मी ढोंगी म्हणत होतो, त्याचा हा कागद तयार होता.

माझ्याकडे सबबही उरलेली नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साधा कागद, आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.