साबणावरची कविता

इरिना रातुशिन्स्काया ओडेसाची. शिकली पदार्थविज्ञान, जीव मात्र कवितेत. सप्टेंबर १९८२मध्ये तिला अटक झाली आणि पुढच्या मार्चमध्ये शिक्षा सुनावली गेली. सात वर्षं श्रमछावणी, त्यानंतर पाच वर्षं हद्दपारी. आरोप सोव्हिएत राज्याविरुद्ध प्रचाराचा. गुन्हा म्हणजे तिच्या कविताच. तेव्हा ती जेमतेम २९ वर्षांची होती.

मोर्दोव्हियातल्या बाराशेवोच्या छावणीत राजकीय कैदी बायकांना वेगळ्या कुंपणात ठेवत. काम हातमोजे शिवण्याचं. कवितेचा कागद झडतीत सापडला की जप्त. मग इरिनानं साबणाची वडी घेतली. काडेपेटीतल्या काडीनं तिच्यावर ओळी कोरायच्या, पुटपुटत पाठ करायच्या आणि पाठ झाल्या की हात धुवायचे. ओळी पाण्याबरोबर वाहून जात. झडती घेणाऱ्याच्या हाती लागे ती नुसती वडी. जात्यावरच्या ओव्या कागदाविना पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पाठांतराचं बळ वेगळं सांगायला नको.

पण मला या युक्तीपेक्षा मोठं वाटतं ते त्या कवितांमधलं मन. छातीवर कैद्याची पट्टी लावायला या बायकांनी नकार दिला. त्यापायी शिक्षाकोठडी, गारठा, अर्धपोटी दिवस. अशा ठिकाणी द्वेष आपोआप उगवतो. तो आत येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. छळणारे निर्दोष होते म्हणून नव्हे, तर द्वेष ज्याच्या मनात राहतो त्यालाच आधी कुरतडतो म्हणून. इरिनाच्या एका कवितेत पुढे कधीतरी लोक विचारतात, तुम्ही तगलात कशाच्या जोरावर? ती मारहाण लपवत नाही, सगळं सांगते. आणि मग आठवण काढते ती कैदेत दिसलेल्या पहिल्या सौंदर्याची, खिडकीच्या काचेवर गोठलेल्या हिमाची. त्या नक्षीवर पडलेला प्रकाश कोणत्याही पहारेकऱ्याला जप्त करता आला नाही.

९ ऑक्टोबर १९८६ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या रेक्याविक भेटीच्या तोंडावर, तिची सुटका झाली. तिला बारा वर्षं गप्प करू पाहणारं राज्य १९९१मध्ये मोडलं. तिच्या कविता मात्र छापल्या गेल्या, अनेक भाषांत गेल्या. हाती लागल्या तर आवर्जून वाचा, आणि आवडलेली एक तरी पाठ करा.